उंबरठ्यावरील सरकार

सन १८९७ च्या मार्च महिन्याच्या १३ तारखेस पुणे शहरात लष्करी शिपायांकडून घरझडतीस प्रारंभ झाला, आणि मे महिन्याच्या १९ तारखेस ती बंद पडली. हा खटाटोप चोरांच्या किंवा बंडखोरांच्या शोधासाठी नव्हता. ज्यांस प्लेगच्या गाठी आल्या आहेत असे रोगी हुडकून काढावे, त्यांस इस्पितळात पोचवावे, त्यांच्या घरच्या माणसांस काही दिवस वेगळ्या छावणीत ठेवावे आणि घर धुऊन, चुना लावून शुद्ध करावे, एवढाच त्यामागील उघड हेतू होता. रोग खरा होता. माणसे खरोखरच मरत होती. वैद्य नेमले होते आणि पैसाही खर्च होत होता. असे असता ज्यांच्या कल्याणासाठी हे सारे चालले होते तेच लोक आपले रोगी माळ्यावर आणि अडगळीच्या खोल्यांत दडवू लागले, आणि घरात कोणी दगावले तर शेजाऱ्यांस कळू न देता अंत्यविधी उरकू लागले. औषध घेऊन येणाऱ्या माणसास पाहून घराने दार लावून घ्यावे, हा प्रकार विलक्षण खरा. पण त्याची कारणे शोधू गेल्यास ती सापडण्यासारखी आहेत.

त्या वर्षाची हकिगत सांगताना बहुधा २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर झालेल्या पिस्तुलाच्या आवाजापासून आरंभ करण्याची वहिवाट पडली आहे. तो आवाज मोठा होता, त्याचे पडसादही दूरवर गेले. त्यामुळे त्याच्या अलीकडील शंभर दिवस अंधारात राहून गेले. वस्तुतः सरकारी नोकर आणि रयत ह्यांची गाठ पडते ती कौन्सिलाच्या सभागृहात नव्हे, घराच्या उंबरठ्यावर पडते. आणि त्या शंभर दिवसांत पुण्यातील जवळजवळ प्रत्येक उंबरठ्यावर ती पडली.

ह्या प्रकरणाचे मूळ मुंबईत आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात तापाने आणि गाठींनी माणसे पटापट मरू लागली. मूळचे गोव्यातील हडफडे गावचे डॉक्टर अकासियो व्हिएगस ह्यांनी हा प्लेगच आहे असे निदान करून म्युनिसिपालिटीस कळविले. केसरीने ह्या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले, परंतु लोकांच्या तोंडी प्लेग हाच शब्द बसला. रोगाचे जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येर्सिन ह्या संशोधकास सापडले होते. मात्र उंदराच्या अंगावरील पिसू चावून हा रोग माणसास जडतो, ही गोष्ट १८९८ मध्ये सिमाँ ह्या फ्रेंच वैद्याने दाखवून देईपर्यंत कोणास ठाऊक नव्हती, आणि पुढेही काही वर्षे ती सर्वमान्य झाली नाही. घाण, कोंदट हवा आणि रोग्याचा स्पर्श ही कारणे धरून सारे उपाय योजले जात होते. त्या काळच्या अधिकाऱ्यांस ह्याबद्दल दोष देणे योग्य नाही. जे ज्ञान जगात कोठेच नव्हते ते त्यांच्यापाशी कोठून असणार?

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो ह्यांनी ६ ऑक्टोबर १८९६ रोजी एक जाहीरनामा काढला. रोग्यास, जरूर तर बळाने, घरातून हलवून इस्पितळात नेण्याचा अधिकार त्याने आरोग्य खात्याच्या नोकरांस दिला. त्या काळच्या गिरणीकामगारास इस्पितळ म्हणजे काय वाटत असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आधीच घाबरलेले लोक रोग्यास अखेरच्या घटकेपर्यंत लपवून ठेवीत. मग तो सापडला की त्याला आर्थर रोडच्या इस्पितळात नेत. तेथे तो एकदोन दिवसांत मरे. शेजारपाजारच्या लोकांस दिसे ते एवढेच की, आत गेलेला माणूस परत येत नाही. मग कोणी म्हणे, तेथे माणसांस उलटे टांगून मोमियाई काढतात. कोणी म्हणे, राणीच्या पुतळ्यास डांबर फासले म्हणून ती कोपली आहे आणि तिला रयतेची काळजे हवी आहेत. राणीच्या मुंबईतील पुतळ्यास त्याच सुमारास खरोखरच डांबर फासण्यात आले होते, त्यामुळे अफवेस एक पाय खऱ्याचा मिळाला. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. हेच इस्पितळ आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते.

दुसऱ्याच दिवशी स्नो ह्यांनी आपला जाहीरनामा पुष्कळ सौम्य केला. पुढे लिहिलेल्या अहवालात त्यांनी त्याचे जे कारण दिले ते मोठे बोधक आहे. शहरातील मैला वाहणारे आणि रस्ते झाडणारे नोकर, ज्यांस त्या काळच्या दप्तरात हलालखोर आणि बिगारी म्हणत, ते भिऊन गाव सोडून गेले तर काय होईल, ही चिंता त्यांस सर्वांत अधिक होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या ह्या शहरातून पावणेचार लाखांच्या सुमारास माणसे निघून गेली होती. व्यापारी गेले, कारकून गेले, गिरण्यांतील साचे ओस पडले. अशा वेळी हे मैलेवाले आणि झाडूवालेही गेले असते तर मागे उरलेल्यांस मुंबईत राहणेच अशक्य झाले असते. ते राहिले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानणारे लोक त्याच शहरात राहत होते, त्या नोकरांच्या हजेरीवर शहराचा जीव टांगलेला होता आणि ही गोष्ट कमिशनरास पक्की समजली होती. लोकांवर बळजोरी करताना त्याचा परिणाम आपल्याच नोकरांच्या मनावर काय होईल, हा विचार करणारा अधिकारी तेवढ्यापुरता शहाणा ठरला. त्या झाडूवाल्यांची नावे मात्र कोणत्याही अहवालाच्या आभारप्रदर्शनात आढळत नाहीत.

सरकारास हा सौम्यपणा दुर्बलतेचा वाटला. इतर देशांतील बंदरे हिंदुस्थानच्या मालावर आणि उतारूंवर निर्बंध घालू लागली होती, व्यापार धोक्यात आला होता. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा पास झाला. सारा कायदा चारच कलमांचा. त्याने सरकारास जवळजवळ वाटेल तो तात्पुरता नियम करण्याची मुभा दिली, तो मोडणारास शिक्षा सांगितली, आणि चौथ्या कलमात असे ठरविले की, ह्या कायद्याखाली प्रामाणिक हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही फिर्याद चालणार नाही. हाच कायदा २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात पुन्हा लागू करण्यात आला, आणि त्याच वर्षी आरोग्यसेवकांवर हल्ला करणारास कडक शिक्षा देणारी दुरुस्ती त्यास जोडण्यात आली. मूळच्या कायद्यात अंमलदाराचे रक्षण होते; ज्याच्या घरात तो अंमलदार शिरणार त्याच्या रक्षणाचा एक शब्दही नव्हता. कायद्याने लगाम सोडून दिला म्हणजे घोडा कसा चालेल हे सर्वस्वी स्वाराच्या स्वभावावर राहते.

पुण्यास हा स्वार म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड ह्यांची नेमणूक फेब्रुवारीच्या मध्यास झाली. त्यांच्यासह लष्करातील कर्नल फिलिप्स आणि लष्करी वैद्य बेव्हरिज अशी तिघांची प्लेग कमिटी होती. रँड ह्यांचे नाव ह्या प्रांतास नवे नव्हते. सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर असताना वाईच्या वाद्यांच्या प्रकरणात त्यांनी गावातील प्रतिष्ठित गृहस्थांस तुरुंगात धाडले होते. ज्या प्रांतातील लोकांच्या मनात ह्या गृहस्थाविषयी आधीच अढी होती, त्याच प्रांतातील सर्वांत नाजूक काम सरकारने त्याच्या हाती दिले. रँड कामचुकार होते असे मुळीच म्हणता येणार नाही. ते कष्टाळू, करारी आणि हुकमाचे पक्के होते. त्यांच्या ठायी जे नव्हते ते दुसऱ्याच जातीचे होते: समोरचा मनुष्य सांगतो आहे त्यात काही तथ्य असू शकेल, अशी शंका त्यांस येत नसे.

झडतीच्या कामास त्यांनी गोरे सोल्जर निवडले. त्यामागे त्यांचा एक युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नाही. देशी शिपाई आणि कारकून लोकांकडून पैसे खाऊन रोग्याकडे कानाडोळा करतील किंवा पैशासाठी निरोग्यास रोगी ठरवतील. गोरा सोल्जर शिस्तीतला, गावात त्याचे कोणी सगेसोयरे नाहीत, तो कोणाची भीडमुर्वत धरणार नाही. लाचलुचपतीच्या तक्रारी त्या काळी पोलीस आणि खालच्या नोकरांविषयी खरोखरच होत्या. तेव्हा नोकर परका असला म्हणजे तो निःपक्षपाती असतो, हे त्यांचे गणित होते. परंतु ज्या परकेपणामुळे मनुष्य लाच घेत नाही त्याच परकेपणामुळे त्याला समोरच्याचे दुःखही कळत नाही, ही बाजू त्या गणितात धरलीच नव्हती.

डरहॅम परगण्याच्या पायदळ पलटणीतील एखादा विशीपंचविशीतला पोर डोळ्यांपुढे आणावा. त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. त्याला शिकवले आहे ते शत्रूच्या ठाण्यास वेढा घालणे. सकाळी त्याला सांगण्यात येते की अमुक आळीस वेढा घाल, कोणास निसटू देऊ नकोस, घराघरात शीर आणि लपविलेली माणसे बाहेर काढ. त्याला हे काम वैद्यकाचे वाटेल की लढाईचे? श्रोत्यांपैकी ज्यांनी पुण्यातील जुने वाडे पाहिले असतील त्यांस ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि देवघर ह्यांच्या मर्यादा निराळ्या सांगावयास नकोत. बूट घालून देवघरापर्यंत गेलेल्या त्या पोरास कदाचित आपण काही विशेष केले असे वाटलेही नसेल. प्लेगची गाठ काखेत, जांघेत किंवा मानेवर येते; तेव्हा तपासणी म्हणजे त्या जागा पाहणे आले. हे पाहणे भर रस्त्यात, चारचौघांसमोर आणि बायकांच्या बाबतीतही होत असल्याच्या तक्रारी उठल्या. घरातील वस्तू फेकल्या, जाळल्या, देव हलविले, शिपाई हसतखिदळत घरांतून फिरले, अशाही तक्रारी होत्या. रोग्याबरोबर निरोगी माणसांसही पकडून छावणीत नेल्याची, आणि मागे उघड्या टाकलेल्या घरातून चीजवस्तू नाहीशी झाल्याची गाऱ्हाणी सर्व जातींच्या लोकांनी केली.

लोकांच्या चालीरीतींस व धर्मभावनेस जपून वागावे अशा सूचना वरून आलेल्या होत्या, ही गोष्ट येथे मुद्दाम नमूद केली पाहिजे. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांचा हेतू लोकांचा अपमान करण्याचा होता असे म्हणण्यास आधार नाही. सूचनेचा कागद मात्र कचेरीतून निघून आळीच्या तोंडाशी येईपर्यंत विरून जात असे. वाड्याच्या दिंडीतून आत जात असे तो कागद नव्हे, माणूस.

प्लेग कमिटीच्या अहवालात एक नोंद आहे. कोणाही स्त्रीच्या लज्जेचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची विश्वासार्ह अशी एकही तक्रार कमिटीकडे किंवा शिपायांवरील अधिकाऱ्यांकडे आली नाही, ह्याबद्दल तीत समाधान व्यक्त केले आहे. ती नोंद खोटी आहे असे धरण्याचे कारण नाही. विश्वासार्ह तक्रार आली नसेलही. पण ती यावी कोणत्या वाटेने? ज्या शिपायाविरुद्ध गाऱ्हाणे त्याच्याच वरिष्ठाकडे जावयाचे. भाषा येत नाही. घरच्या बाईस काय भोगावे लागले हे परक्या साहेबापुढे सांगणे म्हणजे दुसऱ्यांदा विटंबना करून घेणे. आणि इतके करून साहेब विचारणार, साक्षीदार कोण? अशा दरबारात तक्रार आली नाही तर त्याचा अर्थ सारे आलबेल आहे असा होत नाही.

ज्यांनी तोंड उघडले त्यांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. सरदार नातू बंधूंनी झडतीतील प्रकारांविरुद्ध लेखी तक्रारी केल्या होत्या. जुलै महिन्यात त्या दोघांस १८२७ च्या २५ व्या रेग्युलेशनखाली, कसलीही चौकशी न होता, अटकेत टाकण्यात आले. पंडिता रमाबाईंनी आपल्या आश्रयास असलेल्या मुलीच्या निमित्ताने प्लेग इस्पितळातील स्त्रियांच्या व्यवस्थेविरुद्ध वृत्तपत्रात लिहिले. सरकारने ते आरोप नाकारले. रमाबाई ख्रिस्ती झालेल्या. पुण्यातील सनातनी मंडळी आणि त्या ह्यांच्यात विस्तव जात नव्हता. तरी ह्या एका बाबतीत दोन्हीकडून एकच सूर निघाला, ह्याचे वजन सरकारास वाटावयास हवे होते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात स्त्रियांवरील अत्याचारांचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला तेव्हा पत्रे लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांनी आरोप मागे घेऊन जाहीर माफी मागितली, आणि त्याबद्दल स्वकीयांच्या शिव्याही खाल्ल्या. पत्र लिहिणारे सारेच खोटे बोलत होते, असा निष्कर्ष त्यावरून काढणे धाडसाचे होईल. नातूंची वाट ज्यांनी पाहिली होती त्यांस साक्षीस उभे राहण्याचा उत्साह कोठून येणार?

आता ह्याच कामाचा दुसरा नमुना. घरझडती सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत ह्यांनी पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूस, प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षी वस्त्यावस्त्यांतून रोग्यांची विचारपूस करीत आणि त्यांस तेथे आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचल्या, आणि त्यातच त्यांस रोगाची बाधा झाली. रोग्यास घरातून उचलावे आणि वस्तीपासून दूर नेऊन ठेवावे, हेच काम त्या करीत होत्या आणि हेच काम तीन दिवसांनी सोल्जर करू लागले. त्यांच्या दवाखान्यातही प्लेगवर रामबाण औषध नव्हते, कारण असे औषध तेव्हा कोठेच नव्हते. तरीही त्या येताना दिसल्या म्हणून कोणी आपले मूल माळ्यावर लपविल्याची कथा नाही.

पुण्यातील पुष्कळ पुढारी गाव सोडून गेले असता लोकमान्य टिळक मात्र शहरात राहिले आणि त्यांनी हिंदूंसाठी निराळे प्लेग इस्पितळ काढण्यात पुढाकार घेतला. इस्पितळाच्या तत्त्वास त्यांचा विरोध नव्हता. रोगी वेगळा ठेवावा हे त्यांस मान्य होते. सरकारी इस्पितळात जाण्यास घाबरणारे लोक जेथे आपल्या पंक्तीचा माणूस पाणी देतो, आपल्या भाषेत बोलतो आणि नातेवाइकास दारापाशी बसू देतो, अशा इस्पितळात येण्यास तयार होत, असा अनुभव मुंबईसही आला. तेथे एकेका जातीने आणि पंथाने आपापली इस्पितळे उभारली. जातवार इस्पितळे ही गोष्ट काही भूषणावह नव्हे. पण सरकारी इस्पितळातील वागणूक थोडी निराळी असती तर ह्यांतील कितींची गरज भासली असती, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

मे महिन्यात पुण्यातील रोग ओसरला. कमिटीने त्याचे श्रेय आपल्या कडक उपायांस दिले. प्लेग उन्हाळ्याच्या कडाक्यात आपोआप मंदावतो, ही गोष्ट पुढे सर्वांच्या परिचयाची झाली. पावसाळ्यानंतर तो पुण्यात परत आला आणि पुढील वर्षांत त्याने अधिकच बळी घेतले. मध्यंतरी २२ जूनच्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतत असता, दामोदर चापेकर ह्यांनी रँड ह्यांवर आणि बाळकृष्ण चापेकर ह्यांनी मागून येणारे लेफ्टनंट आयर्स्ट ह्यांवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मरण पावले, रँड ३ जुलै रोजी वारले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू व त्यांचे साथी महादेव रानडे १८९८ आणि १८९९ ह्या वर्षांत फासावर गेले. टिळकांस राजद्रोहाच्या खटल्यात अठरा महिन्यांची सजा झाली. हा भाग सर्वश्रुत असल्यामुळे येथे त्याचा विस्तार नको. त्या रात्रीची कारणे राजकीय होती आणि धार्मिकही होती. पण शहरभर जी मुकी संमती त्या कृत्यास मिळाली ती एकट्या राजकारणाने मिळाली नसती.

मुंबईकर अधिकाऱ्यांसही हा धडा एकदम उमगला असे नाही. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात एका जुलाहा कुटुंबातील आजारी मुलीस तपासण्यासाठी सरकारी पथक गेले. पुरुष वैद्यास मुलगी दाखविण्यास घरच्यांनी नकार दिला. शब्दाने शब्द वाढला आणि दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली, मागोमाग गोदीतील मजूर आणि गाडीवाले संपावर गेले. दीड वर्षाच्या अनुभवानंतर एका आजारी पोरीच्या खाटेपाशी स्त्री वैद्य पाठविण्याचे कोणास सुचू नये, ह्यास काय म्हणावे! त्याच वर्षीच्या मे महिन्यात कलकत्त्यास प्लेगच्या भीतीने गोंधळ माजला तेव्हा तेथील लेफ्टनंट गव्हर्नर वुडबर्न ह्यांनी, रोग्यांस घरच्यांच्या इच्छेविरुद्ध ओढून नेण्यात येणार नाही, असे आश्वासन देऊन लोकांस शांत केले. पुढील वर्षी तेथे रामकृष्ण मिशनच्या वतीने भगिनी निवेदिता स्वतः हाती झाडू घेऊन गल्ल्या साफ करण्यास उतरल्या. पुण्यातही १८९८ च्या हंगामात गोखल्यांनी स्वयंसेवकांची टोळी उभारून प्लेगनिवारणाचे काम अंगावर घेतले. ज्या गव्हर्नराच्या अंमलाविरुद्ध त्यांनी विलायतेत आरोप केले होते त्याच गव्हर्नराने ह्या कामाबद्दल त्यांची वाखाणणी केली.

लस टोचण्याच्या कामाची हकिगतही ह्याच धर्तीची आहे. रशियातून आलेले ज्यू शास्त्रज्ञ हाफकिन ह्यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील जे कैदी आपखुशीने पुढे आले त्यांस ती दिली. आगाखान तेव्हा विशीतले तरुण होते. आपल्या अनुयायांची भीती मोडण्यासाठी त्यांनी सर्वांसमक्ष स्वतःस टोचून घेतले. सुई हातात घेणाऱ्याने आधी आपला दंड पुढे करावा, ह्या रीतीस लोक मान देत. उलट १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातील मलकवाल गावी एका कुपीतील लसीत दोष शिरून एकोणीस माणसे धनुर्वाताने मेली. तेथील मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरण्यात आला, असे पुढे निष्पन्न झाले. दोष मात्र आला हाफकिन ह्यांच्या माथी. त्यांस कामावरून दूर करण्यात आले आणि त्यांचे नाव निष्कलंक ठरण्यास १९०७ साल उजाडले. मधल्या काळात पंजाबात लसीचे नाव काढण्याची सोय राहिली नाही, आणि तेथे प्लेगने माणसे भराभर मरत होती. परळ येथील ज्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये गेली, तेथील संस्थेस १९२५ पासून त्यांचे नाव आहे.

फ्रेझर ह्यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग कमिशनने १८९८ पासून देशभर चौकशी केली. झडती, बळाने अलग करणे, शिपायांचे वेढे ह्या गोष्टी एकामागून एक सोडून देण्यात आल्या. गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाकडे सहसा जातच नाही, त्याचा खरा वाहक उंदरावरील पिसू आहे, हे पुढे परळ येथे झालेल्या संशोधनाने पक्के ठरले, तेव्हा त्या शंभर दिवसांतील पुष्कळशी धरपकड वैद्यकीय दृष्ट्याही निरर्थक होती असे दिसून आले. गंमत अशी की, गढवालच्या डोंगरातील खेडूत फार पूर्वीपासून उंदीर मरू लागले की गाव सोडून रानात जात असत. खरा उपाय लोकांपाशी होता. तो विचारून घेण्यासाठी ओसरीवर दोन घटका बसावे लागते, आणि वेढा घालणाऱ्यास बसावयास सवड नसते.

पुढील वीसपंचवीस वर्षे महाराष्ट्रात प्लेग वरचेवर येतच राहिला. आढ्यावरून उंदीर पडू लागले की लोक आपण होऊन गावाबाहेरच्या शेतात, माळावर झोपड्या बांधीत. भांडीकुंडी, जात्याची तळी, देवांचे संपुष्ट, तुळशीचे वृंदावन सारे बरोबर नेत, आणि थंडीचे ते महिने तेथेच काढून होळीच्या सुमारास परतत. त्या झोपड्यांत मुले जन्मली, लग्ने ठरली, पंतोजींनी झाडाखाली शाळा भरविल्या. पुण्यात ज्या घर सोडण्यासाठी १८९७ साली पलटण आणावी लागली होती, ते घर लोक आता स्वतः कुलूप लावून सोडीत होते, आणि दाराशी कोणी सोल्जर उभा नव्हता.